दोन वॅट आणि पितळी गंज

रेडिओ घेऊन दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलायचा, "भाऊ, कालपर्यंत मस्त वाजून राहिला होता." सदरमधल्या माझ्या दुकानात मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मीच ते म्हणून टाकायचो. त्यावर गिऱ्हाईक खूश. त्याला वाटायचं, या माणसाला रेडिओ न उघडताच दुखणं कळतं. असा गैरसमज होत असेल तर धंदेवाल्याने तो होऊ द्यावा.

उघडल्यावर आत काय निघेल याचा नेम नसायचा. झुरळं नेहमीचीच. एकदा उंदरीण बाळंत झालेली निघाली, तर एकदा दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या सेटमधून सुकलेली झेंडूची फुलं निघाली. नागपूरच्या मे महिन्यात कॉइलवरचं मेण पातळ व्हायचं आणि स्टेशनं आपापली जागा सोडून सरकायची. कन्हानचे एक गृहस्थ दर उन्हाळ्यात सेट सायकलला बांधून आणायचे आणि म्हणायचे, "त्याले ऊन लागलं." एका वर्षी त्यांनी स्वतःच उपाय केला. सेट कुलरसमोर ठेवला आणि खसच्या ताटीवर मारता मारता चार लोटे पाणी त्याच्यावरही मारलं. दुकानात आणला तेव्हा तो गळत होता. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "आता त्याले सर्दी झाली असन."

रेडिओदुरुस्तीचं निम्मं काम कथिल आणि कैयाचं, म्हणजे डाग देण्याचं असतं. ते कोणालाही शिकवता येतं. उरलेलं निम्मं कानाचं. सेटच्या आत पत्र्याच्या छोट्या डब्या असतात, त्यांच्या डोक्यावर स्क्रू असतो. स्टेशन लावून तो स्क्रू केसभर फिरवत जायचं. आवाज वाढत जातो, भरतो आणि मग उतरायला लागतो. जिथे तो पुरता भरला तिथेच हात थांबला पाहिजे. याला आम्ही जुळवणी म्हणायचो. त्यासाठी मीटर असतं आणि माझ्याकडेही होतं, पण ते मी गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतं चालू ठेवायचो. भरवसा कानावर. म्हणूनच कानाची ही गोष्ट सांगायला बसलो आहे.

दिवसभर रेडिओ करून मी रविवारी काय करायचो, तर रेडिओच. मी हौशी बिनतारीवाला होतो. इंग्रजीत आम्हाला हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, तारेची कट्ट-कडकट्ट भाषा शिकायची, परवाना मिळाला की आपल्या हाताने बनवलेल्या यंत्रावरून जगातल्या दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलायचं. यात मिळत काही नाही. उलट घरातले लोक चिडतात, तेवढी एक जमेची बाजू धरा.

घरी बोलायचं तर मोठं यंत्र लागतं, आणि सदरसारख्या भागात ट्यूबलाइट, पिठाची गिरणी, फटफट्या यांची एवढी चरचर असते की दूरचा बारीक आवाज तिच्यात बुडून जातो. मोकळ्या रानात मात्र ही चरचर नसते. तिथे कमी शक्तीचं यंत्रही लांब पोचतं. म्हणून मी दोन वॅटचं यंत्र बनवलं. सायकलच्या डायनामोवरच्या दिव्याला लागते तेवढीही वीज त्याला लागत नसे. ते बसवलं होतं जेवणाच्या चार ताळी डब्यात. खालच्या ताळ्यात टॉर्चचे सेल, त्यावर बोलायचं यंत्र, त्यावर ऐकायचं, आणि सगळ्यात वर खरीच पोळी-चटणी. एसटीत कंडक्टरने विचारलं तर वरचं झाकण काढून दाखवायचं.

या डब्याने मला एकदा अडचणीतही आणलं. सेमिनरी हिल्सवर झाडावर एरियलची तार टाकून बसलो होतो. हाताखाली कडकट्ट वाजवायचं बटण, कानाला कानफोन. मागून एक पोलीस जमादार आला. मी खिशातून परवाना काढला, बाहेर यंत्र वापरायचं परवानगीपत्र काढलं. त्याने दोन्ही कागद उलटसुलट पाहिले, इकडे तिकडे पाहिलं, आणि खाली वाकून हळूच विचारलं, "मुंबईच्या मटक्याचा आकडा येते का यात?" नाही म्हटल्यावर त्याचा या यंत्रातला रस संपला. जाताना म्हणाला, "मंग कायले बसता उन्हात?"

याचं उत्तर म्हणजे मूर्ती. विशाखापट्टणमला बंदरात नोकरी करणारे, माझ्याहून वयाने बरेच मोठे, एवढीच माहिती. चेहरा पाहिलेला नाही, आवाज ऐकलेला नाही. दर रविवारी सकाळी आम्ही ठरल्या जागी भेटायचो, म्हणजे रेडिओच्या काट्यावरच्या ठरल्या जागी. माणसाचं अक्षर ओळखू यावं तसा बटणावरचा हात ओळखू येतो. मूर्तींचा हात शेवटची रेघ जरा लांबवायचा. ती ऐकली की मला बरं वाटायचं.

या गप्पा कशा असतात तेही सांगून ठेवतो. सुरुवातीला तुमचा आवाज कसा येतो याचे तीन आकडे, मग हवा, मग यंत्र, मग तारेची उंची. आणि समोरच्याने काहीही सांगितलं की आपण दोन अक्षरं वाजवायची, एफ बी. म्हणजे "उत्तम". सगळ्या जगातल्या हॅम लोकांना ही सवय असते. गप्पा ठरल्या वाटेनेच जात असल्याने मधलं थोडं ऐकू आलं नाही तरी भागून जातं. माझंही भागून जात होतं.

ऐकू येत नव्हतं हे मला कळलं ते एका पेटीमास्तरांमुळे. भजनी मंडळात पेटी वाजवणारे गृहस्थ. त्यांचा सेट जुळवून दिला आणि दुसऱ्या दिवशी ते परत आले. म्हणाले, "यात बारीक शिट्टी येते." मी कान लावला. शिट्टी नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांनी शेजारच्या पानठेलेवाल्याला हाक मारून आत आणलं. पानठेलेवाला म्हणाला, "येऊन तर राहिली ना भाऊ, चांगली कुकरसारखी." मी हसून सेट ठेवून घेतला, ते गेले, आणि मी स्टुलावर बसून राहिलो. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षं कानफोन लावून नस थकली आहे, गेलं ते येणार नाही, उरलं ते सांभाळा.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू. रेडिओवाल्याला ऐकू येत नाही ही बातमी सदरभर व्हायला एक पानठेला पुरे होता. घरी कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही.

बायको कुसुम, उमरेडची. तिच्या माहेरी हातमाग आणि माझ्याही घरी वडिलांचा माग चालू होता. ती बसून चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे विणकामाच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि मी पलीकडे बसून एकेक इंग्रजी अक्षर मोठ्याने म्हणत बटणावर कडकट्टचा सराव करायचो. माझ्या यंत्रातल्या सगळ्या कॉइल तिने त्याच चरख्यावर गुंडाळलेल्या होत्या. तारेला तार अशी लागलेली असायची की मध्ये बोटाचं नख जाणार नाही. पण ती यंत्राबद्दल कधी काही विचारायची नाही. मी समजत होतो, तिला त्यात गोडी नाही.

तिचा धाकटा भाऊ वसंता उमरेडला कोळसा खाणीच्या गोदामात होता. "भाऊजी, आमच्याकडे जागा निघून राहिली, या तुम्ही," असं तो दर भेटीत म्हणायचा आणि मी दर भेटीत हसण्यावारी न्यायचो. शहात्तर-सत्त्याहत्तरचा सुमार असेल. त्या दिवाळीनंतर आम्ही उमरेडला गेलो तेव्हा मी हसलो नाही. "सोमवारी साहेबाले भेटू," तो म्हणाला. मी "पाहू" म्हणालो. मनात "हो" म्हणून झालं होतं. गोदामात पोती मोजायला कान लागत नाहीत. दुकान विकायचं, रेडिओ सोडायचा, आणि का सोडला हे कोणाला कळूही द्यायचं नाही, असा तो बेत होता. फक्त त्याआधी एका रविवारी मूर्तींचा निरोप घ्यायचा.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या शेतात चिंचेखाली आम्ही सगळेच गेलो. सासरे, वसंता, कुसुम, मी. कुसुमने बसल्या बसल्या काम म्हणून चरखा आणि सुताच्या लड्या घेतल्या होत्या. तार झाडावर टाकायची तर दोरीला दगड बांधून फेकतात, आणि तो दगड हमखास फांदीत अडकतो. माझा दोनदा अडकला. सासरे बघत होते. त्यांनी पिशवीतून जुना धोटा काढला. मागावर इकडून तिकडे सूत घेऊन धावणारा, दोन्हीकडे निमुळता, घासून घासून गुळगुळीत झालेला. दोरी त्याला बांधली आणि फेकला. पहिल्याच फेकीत फांद्यांतून सरकत पलीकडे येऊन पडला.

"आमचा जन्म यातच गेला," ते म्हणाले. "आता दाखवा, तुमचं दोन वॅट काय बोलते ते."

कानफोन एकच आणि ऐकणारे चार. यावर जुना तोडगा आहे. कानफोन एखाद्या भांड्यात ठेवला की भांडं घुमतं आणि भोवतीच्यांना ऐकू येतं. सासऱ्यांनी घरून भाजीचा पितळी गंज, म्हणजे पातेलं, आणला होता, तो घासून पुसून मध्ये ठेवला आणि त्यात कानफोन ठेवला. मी बटण वाजवून हाक दिली. थोड्या वेळाने गंजातून बारीक पिपीप सुरू झाली. शेवटची रेघ लांब. मूर्तीच.

"आले," मी म्हणालो. सासरे गंजावर वाकले. वसंताने डोक्यावरची टोपी काढली, का कोण जाणे.

कानफोन कानावर असता तर मी कसंबसं निभावलं असतं. गंजातून मला मधून मधून एखादं अक्षर मिळत होतं, बाकी सगळं कापसाच्या आडून. पण समोर सासरा बसला आहे, मेहुणा बसला आहे. मी तोंडावर जाणकाराचा भाव ठेवला, मधून मधून मान हलवली, आणि मूर्ती थांबल्यावर सवयीने वाजवलं: उत्तम. फार छान. ते पुन्हा काही बोलले. मी पुन्हा वाजवलं: उत्तम, अभिनंदन.

चरखा थांबला.

"अहो," कुसुम म्हणाली, "काहून उत्तम म्हणून राहिले तुम्ही? त्या माणसाचा पाय मोडला."

मी बटणावरचा हात उचलला.

"शिडीवरून पडले म्हणते ते. पाय मोडला, प्लास्टर घातलं. लेग म्हणजे पायच ना? तुम्ही दोनदा उत्तम म्हणले अन् वरून अभिनंदन बी केलं."

"तुले कसं समजलं?"

"मले सगळं समजते. एवढी वर्षं तुमच्या बाजूले बसून कांड्या भरल्या, कान काय घरी ठेवले होते?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तुमाले आयकू येत नाही, हे बी समजते. कुकरच्या शिट्ट्या मोजणं बंद केलं तुम्ही, तवापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही काहून नाही बोलले?"

सासरे एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. माझे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी हसूही फुटत होतं, कारण तिकडे विशाखापट्टणमला एक माणूस प्लास्टर घालून पडला होता आणि मी त्याचं अभिनंदन करून बसलो होतो.

"विचारा," कुसुम म्हणाली, "कोणता पाय?"

बटण वाजवायचा हक्क परवानेवाल्यालाच, त्यामुळे ती हात लावू शकत नव्हती. मी वाजवलं: माफ करा, नीट ऐकलं नव्हतं, कोणता पाय? गंजात पिपीप सुरू झाली. ती एकेक अक्षर म्हणत गेली आणि मी जुळवत गेलो. डावा पाय. तारेचा खांब सरळ करायला चढले होते. आता पलंगावर पडून पोटावर फळी ठेवून तीवर बटण वाजवत आहेत.

"घरी कोण करते त्याईचं?" ती म्हणाली. मी ते विचारलं. बायको करते. "तिले म्हणा, हाड जुळाले डिंकाचे लाडू दे." आता डिंकाच्या लाडवाला इंग्रजीत काय म्हणावं. मी कसंबसं वाजवलं. तिकडून आलं: कसे करतात?

सासरे गंजाकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे जावईबुवा, तिकडं खरंच कोणी माणूस आहे?"

सेल उतरेपर्यंत आम्ही बोललो. ती कान, मी हात. मूर्तींचा निरोप घ्यायचा होता तो राहूनच गेला. तार गुंडाळताना वसंता जवळ आला. "भाऊजी, मंग उद्याचं? साहेबाले काय सांगू?"

मी तोंड उघडायच्या आत कुसुम लड्या पिशवीत भरता भरता म्हणाली, "साहेबाले सांग, उद्या दुकान उघडायचं आहे. मी बी जाऊन राहिली त्याईच्यासंगं."

वसंता खरंच चांगला मुलगा. तो म्हणाला, "मंग माझा ट्रान्झिस्टर घेऊन जा वं ताई. कालपर्यंत मस्त वाजून राहिला होता."

सोमवारपासून ती दुकानात बसायला लागली. आधी मी स्क्रू फिरवायचो आणि आवाज पुरता भरला की ती बोट वर करायची. महिनाभरात तिला वाटलं, मध्ये माझा हात कशाला हवा. तिने जुळवणीचा प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेतला तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. मी कथिलाचं काम करायचो, ती कानाचं. गिऱ्हाइकं आधी माझ्याकडे बघून बोलायची, "भाऊ, बाईले जमते का?" मग सेट वाजायचा. पेटीमास्तर ठेवून गेलेल्या शिट्टीवाल्या सेटचं विचारायला पुन्हा आले तेव्हा तिने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. उभ्या उभ्या शिट्टी काढून दिली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता सुरात आहे." जाताना पानठेल्यावर थांबून त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्या महिन्यापासून काम वाढलं.

पुढे तिने परवान्याची परीक्षा दिली. लेखी पेपरसाठी मी तिला महिनोन्महिने शिकवलं. कडकट्टसाठी काही शिकवावं लागलं नाही. घरात दोन परवाने आणि डबा एकच, त्यामुळे रविवारी कोणी आधी बोलायचं यावरून आमची भांडणं व्हायची आणि त्यात बहुधा मीच हरायचो. उमरेडच्या चिंचेवर तार टाकायला धोटाच जायचा. सासऱ्यांनी तो मला देऊन टाकला होता.

मग टेप आले, टीव्ही आले, मोठे सेट माळ्यावर गेले. दुकान चाललं तोवर चाललं. त्याची खंत नाही. चुटपुट एकाच गोष्टीची होती. ऐकू येईनासं झाल्यापासून त्या रविवारपर्यंत मी मूर्तींना किती वेळा उत्तम म्हणालो असेन, आणि कशाकशाला.

त्याचं उत्तर मूर्ती स्वतः घेऊन आले. दिल्लीला मुलीकडे जाताना नागपूरला उतरले, पत्ता विचारत दुकानात आले. काळासावळा, उंच, डाव्या पायाने जरा लंगडत चालणारा म्हातारा. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "कालपर्यंत मस्त वाजत होता ना?" त्यांना काही कळलं नाही. त्यांनी काउंटरवर हात ठेवला आणि तोंडाने माझ्या परवान्यावरची, म्हणजे मला हाक मारायची अक्षरं गुणगुणली, डि-डि-डि-डा, डि-डि-डा, शेवटची रेघ लांब. मला काही पत्ता लागला नाही. आतून कुसुम हातातला सेट तसाच टाकून बाहेर आली. "अहो, मूर्तीजी आहेत."

चहा झाला. डिंकाच्या लाडवांची चौकशी झाली. मग मी मनात होतं ते विचारलं, माझ्या त्या उत्तम-उत्तमबद्दल. मूर्ती खूप हसले. आपल्या अडखळत्या हिंदीत त्यांनी जे सांगितलं ते असं.

"मुलगी नापास झाली, मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही म्हणालात उत्तम. बढती हुकली, उत्तम. घराचं छप्पर वादळात उडालं, तेव्हा तर अभिनंदन. मी बायकोला म्हणायचो, नागपूरचा माणूस फार समाधानी आहे, त्याच्याकडून शिकायला पाहिजे. मग त्या रविवारी तुम्ही विचारलंत, कोणता पाय. मी पलंगावरून तिला हाक मारली. म्हटलं, लवकर ये, आज तिकडे कोणीतरी ऐकतंय."

दुकानात त्या वेळी दोन सेट चालू होते आणि बाहेर रस्ता वाहत होता. तरी एवढं वाक्य कुसुमला मला पुन्हा सांगावं लागलं नाही.